दिलेला शब्द आणि वहीतील शिल्लक

विद्यापीठाची कीर्ती त्याच्या प्राध्यापकांच्या विद्वत्तेवर, ग्रंथालयाच्या समृद्धीवर आणि विद्यार्थ्यांच्या यशावर ठरते. पदवीदान समारंभाच्या वृत्तान्तात लेखा विभागाचा उल्लेख सहसा येत नाही, आणि तो यावा अशी त्या विभागाची अपेक्षाही नसते. तरीही प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक, ग्रंथालयातील नवे पुस्तक आणि परीक्षेची कोरी उत्तरपत्रिका या तिन्हींच्या आधी कोणीतरी, कोठेतरी एक खरेदी आदेश लिहिलेला असतो. त्या एका कागदावर क्रमांक, दिनांक, मालाचे वर्णन, दर, कर, पुरवठ्याची मुदत आणि अखेरीस एक सही असते. तो कागद जितका चोख, तितका पुढचा सारा व्यवहार चोख.

हिशेब ही बाजारपेठेची विद्या आणि विद्यापीठ हे ज्ञानाचे क्षेत्र, या दोहोंचा संबंध काय, असा प्रश्न काही विद्वानांना पडतो. दुहेरी नोंद पद्धतीचे सविस्तर विवेचन छापील ग्रंथातून जगापुढे प्रथम ठेवले ते लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमध्ये रूढ असलेली रीत त्याने शब्दबद्ध केली. हा पाचोली पेढीवरचा मुनीम नव्हता. पेरुजासारख्या विद्यापीठात गणित शिकविणारा तो अध्यापक होता. इकडे आपल्याकडील पेढ्यांवरही रोजकीर्द आणि खतावणी यांची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तेव्हा जमाखर्चाला विद्यापीठात परके मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार चालतो. वित्त व लेखा अधिकारी, वित्त व लेखा समिती, खरेदी समिती अशी सर्व रचना त्या अधिनियमात आहे. अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो, त्यावर चर्चा होते आणि १ एप्रिलपासून नवे वर्ष सुरू होते. वरच्या पातळीवरची ही व्यवस्था बहुतेकांना ठाऊक असते. तिचा खरा कस मात्र लागतो तो अगदी खालच्या पायरीवर, एखाद्या विभागाच्या कोपऱ्यातील टेबलावर. तेथे मागणीपत्रे येतात, दरपत्रके उघडली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि आदेशाचा मसुदा विभागप्रमुखांच्या सहीसाठी ठेवला जातो. मुख्य कार्यालयाच्या ताळेबंदातील प्रत्येक आकडा अशाच एखाद्या टेबलावर जन्माला आलेला असतो.

एका विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात असे टेबल सांभाळणाऱ्या एक लेखा सहायक होत्या. प्रयोगशाळेतील सेवक त्यांना ताई म्हणत, विद्यार्थी मॅडम म्हणत आणि विभागप्रमुख नुसते बाई म्हणत. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्या कनिष्ठ लेखनिक म्हणून लागल्या आणि तीसएक वर्षे त्यांनी कागद, कागद आणि कागदच हाताळले. संगणक आले, २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचे जेम हे खरेदीचे संकेतस्थळ सुरू झाले, नंतर वस्तू व सेवा कर आला, तरी त्यांच्या टेबलावरची एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही कधी हलली नाही. मुख्य कार्यालयाने ती मागितलेली नव्हती. कोणत्याही नियमात तिचा नमुना नव्हता. त्या वहीला त्यांनी नाव दिले होते ‘बांधील खर्च’.

या वहीचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. समजा, विभागाला वर्षभरात रसायने आणि काचसामान या लेखाशीर्षाखाली ६,००,००० रुपये मंजूर आहेत. नोव्हेंबरअखेर मुख्य कार्यालयाने ३,४५,००० रुपयांची बिले चुकती केली. संगणकाच्या पडद्यावर शिल्लक दिसते २,५५,००० रुपये. एखादे प्राध्यापक ती पाहतात, समाधानाने मान डोलावतात आणि २,००,००० रुपयांची नवी मागणी पुढे करतात. पडद्याने खोटे काही सांगितलेले नसते. मात्र याआधी दिलेल्या आदेशांपैकी १,९०,००० रुपयांचा माल अद्याप वाटेत आहे, त्याची बिले अजून यावयाची आहेत, हे पडद्याला ठाऊक नसते. म्हणजे खरोखर मोकळी रक्कम आहे ६५,००० रुपये. २,००,००० रुपयांचा आदेश सुटला, की १,३५,००० रुपयांचा खड्डा त्याच क्षणी पडतो. तो दिसतो मात्र फेब्रुवारीत, बिले टेबलावर येऊन थडकल्यावर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सारेच सांगतात. परंतु अंथरुणाची लांबी मोजावी कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. खर्च कोणत्या दिवशी झाला? धनादेश निघाला त्या दिवशी, असे सामान्यतः समजले जाते. ताईंच्या मते खर्च झाला तो आदेशावर सही झाली त्या दिवशीच. पुरवठादाराने त्या सहीवर विसंबून माल बांधावयास घेतला, कच्चा माल विकत आणला, कदाचित बँकेकडून उचलही घेतली. पैसा अजून तिजोरीत असला तरी तो आता विभागाचा राहिलेला नाही. शब्द देऊन झाला, की रक्कम बांधली गेली. म्हणून आदेशाचा क्रमांक पडताच त्यांच्या वहीत पहिली ओळ पडे आणि मोकळी शिल्लक त्या प्रमाणात खाली येई.

ही वही सांभाळणे वरवर सोपे वाटते, पण तिच्यात बारकावे पुष्कळ. दरपत्रकात १,००,००० रुपये दर आणि खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असे असेल, तर १८ टक्के कराने बिल १,१८,००० रुपयांचे येणार. वहीत लाख रुपयेच मांडले, तर अठरा हजारांची चूक पहिल्याच ओळीत शिरते. वाहतूक, विमा आणि बसवणी यांचेही तसेच. परदेशातून यावयाच्या मालाची तर आणखी निराळी गोष्ट. १२,००० डॉलरचा आदेश दिला तेव्हा डॉलर ८३ रुपये असेल, तर रक्कम ९,९६,००० होते; लेटर ऑफ क्रेडिटचे पैसे चुकते होताना तो ८५ वर गेला, तर तीच रक्कम १०,२०,००० होते. मधले २४,००० रुपये कोठून आणावयाचे याचा विचार आदेश देतानाच करावा लागतो. ताई अशा आदेशापुढे थोडी रक्कम राखून ठेवीत आणि बिल चुकते झाले, की उरलेली रक्कम पुन्हा मोकळी करीत.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक. दहा संच मागविले, सात आले, उरलेले तीन पुरवठादाराने बनविणेच बंद केले. अशा वेळी कोणी आदेश रीतसर बंद केला नाही, तर त्या तीन संचांची रक्कम वर्षभर वहीत अडकून पडते. येणारच नाही अशा मालासाठी पैसा राखला जातो आणि ज्याला खरोखर गरज आहे त्या विद्यार्थ्याला ‘तरतूद नाही’ असे उत्तर मिळते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ताई मुदत उलटलेल्या प्रत्येक आदेशाची चौकशी करीत. माल येणार असेल तर नवी तारीख लेखी घ्यावयाची, येणार नसेल तर आदेश तेवढ्यापुरता रद्द झाल्याचे पत्र द्यावयाचे. अर्धवट उघडा राहिलेला आदेश म्हणजे दार लोटलेले, पण कडी न घातलेले घर, असे त्या म्हणत.

आदेश दिला, की पुढचा टप्पा तीन कागदांच्या मेळाचा. खरेदी आदेश, मालाबरोबर येणारे चलन आणि नंतर येणारे बिल या तिघांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे. किती मागविले, किती आले आणि कितीचे पैसे मागितले, यांतील फरक समजल्याशिवाय बिल पुढे जाता कामा नये. हे तत्त्व लेखाशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकविले जाते आणि घाईच्या पहिल्याच दिवशी विसरले जाते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतही आलेला माल स्वीकारताना मोजावा, मापावा अथवा वजन करावा आणि डोळ्यांनी तपासावा असे स्पष्ट सांगितले आहे.

जीवरसायनशास्त्र विभागात हा नियम केवळ मोजण्यापुरता नव्हता. विकरांचे संच कोरड्या बर्फात बांधून येतात. एका शुक्रवारी संध्याकाळी असे खोके फाटकावर आले, पहारेकऱ्याने चलनावर सही केली आणि सोमवारी सकाळी ते विभागात पोहोचले तेव्हा बर्फ उडून गेला होता. कागदोपत्री माल मिळाला होता, प्रत्यक्षात तो निकामी झाला होता. पुरवठादाराच्या हाती सहीचे चलन होते, त्यामुळे त्याचे पैसे द्यावेच लागले. त्या दिवसापासून विभागाच्या प्रत्येक आदेशात एक वाक्य वाढले. शीत मालाची पोहोच सोमवार ते गुरुवार या दिवशी, कार्यालयीन वेळेत आणि विभागातच दिली जावी, एरवी ती पोहोच मानली जाणार नाही. नुकसानीतून निघालेली ही एक ओळ पुढे कितीतरी संच वाचवून गेली.

साठा नोंदवहीबद्दल प्रयोगशाळेतील मंडळींना नेहमीच कंटाळा असतो. काचेची नळी फुटली, ॲसिटोन संपले, यात लिहावयाचे काय, असा त्यांचा सूर असतो. शुद्ध अल्कोहोलची गोष्ट निराळी, कारण त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि लिटरागणिक हिशेब ठेवावाच लागतो. द्रवरूप नायट्रोजनचा हिशेब तर अनेकांना हास्यास्पदच वाटे. उणे १९६ अंश तापमानाला उकळणारा हा पदार्थ भांड्यात ठेवल्या ठेवल्या हवेत मिसळत राहतो. जे उडूनच जाणार, त्याची नोंद कशासाठी?

ताईंनी वाद घातला नाही. दर सोमवारी लाकडी मापकाठीने पातळी मोजावी आणि पुन्हा भरताना किती लिटर लागले ते लिहावे, एवढेच त्यांनी सेवकांना सांगितले. पेशींचे नमुने साठविलेल्या भांड्यात आठवड्याला पाच-सहा लिटर भर घालावी लागे. महिनोन्‌महिने तोच आकडा येत राहिला. मग एका पावसाळ्यात तो आठवर गेला आणि पुढच्या आठवड्यात अकरावर. नोंदवहीत दोन आकडे एकाखाली एक दिसताच ताई थेट प्रयोगशाळेत गेल्या. भांड्याच्या दोन भिंतींमधील निर्वात पोकळी निकामी होत होती. आणखी काही दिवस कोणाच्या ध्यानात आले नसते, तर भांडे कोरडे पडून तीन विद्यार्थ्यांचे काही वर्षांचे नमुने नष्ट झाले असते. नमुने त्याच दिवशी दुसऱ्या भांड्यात हलविले गेले. त्यानंतर नायट्रोजनच्या वहीला कोणी हसले नाही.

हिशेबाच्या अचूकतेचा लाभ विभागाबाहेरच्यांनाही होतो, याचे भान विद्यापीठात क्वचित असते. काचसामान बनविणारा एखादा लहान कारखानदार चार कामगारांच्या बळावर विद्यापीठाला माल देतो. त्याचे बिल ‘तरतूद संपली’ म्हणून पुढच्या एप्रिलपर्यंत पडून राहिले, तर मधल्या काळातील पगार तो कर्जाऊ रकमेतून देतो आणि त्यावर व्याज भरतो. उधारीचे पोते सव्वा हात रिते ही म्हण त्याच्याइतकी कोणाला कळत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याच कारणासाठी झाला. सूक्ष्म आणि लघु उपक्रमांकडून घेतलेल्या मालाचे पैसे करारात काहीही मुदत लिहिली असली, तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे थकविता येत नाहीत. थकविले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचीचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस ठरतो. म्हणजे चलनावर तारीख घालण्याचा कंटाळा हा केवळ आळस राहत नाही. त्या तारखेपासून कायद्याचे घड्याळ चालू लागते.

आणखी एक मोह प्रत्येक विभागाला पडतो. ठरावीक रकमेपुढील खरेदीला निविदा लागते, वरची मंजुरी लागते, वेळ जातो. मग एकाच मागणीचे तीन तुकडे करून तीन आदेश काढण्याची युक्ती कोणीतरी सुचवितो. वित्तीय नियमांनी अशा विभागणीला स्पष्ट मनाई केली आहे. ताईंचे उत्तर मात्र नियमाच्या पलीकडे जाणारे होते. लागोपाठच्या क्रमांकांचे, त्याच पुरवठादाराचे, त्याच आठवड्यातील तीन आदेश लेखापरीक्षकाला पाच मिनिटांत सापडतात, आणि मग बाकीचे तीनशे प्रामाणिक आदेशही तो संशयाने वाचू लागतो, असे त्या सांगत.

या साऱ्या शिस्तीची खरी परीक्षा मार्च महिन्यात होते. विभागातील एका तरुण अध्यापकाला केंद्र सरकारच्या एका संस्थेकडून संशोधन प्रकल्प मिळाला होता. त्यात ६,४०,००० रुपयांचे एक शीत सेंट्रिफ्यूज मंजूर होते. रीतसर निविदा होऊन फेब्रुवारीत आदेश निघाला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुरवठादाराचे पत्र आले, की यंत्र परदेशातून यावयाचे असून मेअखेरपर्यंत मिळणार नाही. अनुदानाचे वर्ष ३१ मार्चला संपणार होते. दोन दिवसांनी पुरवठादाराचा प्रतिनिधी स्वतः आला आणि त्याने उपायही आणला. बिल मार्चचे, चलन मार्चचे, ‘माल मिळाला’ अशी सही, धनादेश मार्चमध्येच आणि यंत्र मे महिन्यात. सगळीकडे असेच चालते, असे त्याने हसत सांगितले.

तरुण अध्यापकाला त्यात गैर काही दिसेना. पैसा यंत्रासाठीच होता, यंत्र येणारच होते, कोणी एक रुपयाही खिशात घालणार नव्हते. रक्कम परत गेली, तर मात्र त्याच्या विद्यार्थिनीचे पीएच.डी.चे काम खोळंबणार होते. विभागप्रमुख भले गृहस्थ होते, जूनअखेर निवृत्त होणार होते आणि जाताजाता कोणाचे मन मोडू नये असे त्यांना वाटत होते. त्यांनी ताईंना बोलावून घेतले.

“बाई, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. काही मार्ग काढा.”

“सर, बिलावर सही तुमची असेल, साठा नोंदवहीत नोंद माझी असेल आणि यंत्र अजून जहाजावरही चढलेले नसेल,” ताई म्हणाल्या. “मधल्या दोन महिन्यांत ती कंपनी बंद पडली, तर आपण दोघांनी काय दाखवायचे?”

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजारच्याच एका विभागात एक निर्जंतुकीकरण यंत्र अगदी याच रीतीने कागदोपत्री आले होते. पैसे मार्चमध्ये गेले, कंपनीने उन्हाळ्यात गाशा गुंडाळला. विभागप्रमुखांनी पाठपुरावा केला, मग इतर कामांच्या रगाड्यात तो विषय मागे पडला. त्यांच्या निवृत्तीच्या वेळी जडवस्तू संग्रहाची पडताळणी झाली तेव्हा नोंदवहीत यंत्र होते, क्रमांक होता, त्यांची सही होती. खोलीत मात्र रिकामा ओटा होता. त्यांनी एक पैसाही घेतलेला नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे हा पुरावा नव्हे. त्यांचे ना-देय प्रमाणपत्र अडले आणि त्यामुळे निवृत्तीची देणी दोन वर्षे अडली. त्याच काळात त्यांच्या घरी मुलीचे लग्न निघाले होते. ताई तेव्हा कनिष्ठ लेखनिक होत्या. त्या सज्जन माणसाला कार्यालयाच्या बाकावर फायलीची वाट पाहत बसलेले त्यांनी कितीदा पाहिले होते.

ताईंनी सही नाकारली, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी अनुदान देणाऱ्या संस्थेला पाठवावयाच्या पत्राचा मसुदा केला. आदेशाचा क्रमांक व दिनांक, निविदेची कागदपत्रे, पुरवठादाराचे विलंबाचे पत्र आणि विवरणात ‘बांधील देणे’ म्हणून वेगळी दाखविलेली ६,४०,००० रुपयांची रक्कम. खर्च झाला असे कोठेही म्हटले नव्हते. शिल्लक आहे, ती याच यंत्रासाठी बांधलेली आहे आणि पुढील वर्षी वापरण्याची अनुमती मिळावी, अशी विनंती होती. उपयोगिता प्रमाणपत्रात प्रत्यक्ष झालेला खर्चच दाखविला. अनुदानावर बँकेत मिळालेले व्याजही स्वतंत्र दाखविले, कारण ते व्याज विद्यापीठाचे नसून केंद्राच्या संचित निधीत भरावयाचे असते.

सत्याचा मार्ग सोपा नव्हता. अनुमती जुलैत आली, यंत्र ऑगस्टमध्ये बसले. मधल्या काळात त्या विद्यार्थिनीला दुसऱ्या विभागातील यंत्रावर रात्री आठनंतर काम करावे लागले. तिचे जवळजवळ चार महिने गेले आणि ते कोणी भरून देऊ शकले नाही. तरुण अध्यापकाने ताईंशी बोलणे जवळजवळ सोडले होते. नियमाने वागणाऱ्याला किंमत द्यावी लागत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. येथे तर ती किंमत नियम पाळणाऱ्याने नव्हे, एका विद्यार्थिनीने दिली. ताईंना याची जाणीव होती. रात्रीच्या कामासाठी परवानगीची पत्रे, वाहनाची सोय आणि सोबतीला सेविका यांची व्यवस्था त्यांनी स्वतः फिरून केली.

जूनमध्ये विभागप्रमुख निवृत्त झाले. त्यांच्या ताब्यातील ४१२ वस्तूंची पडताळणी तीन दिवसांत पूर्ण झाली. मोडलेल्या वस्तूंचे निर्लेखन वेळच्या वेळी झालेले होते, दुसऱ्या विभागास दिलेल्या वस्तूंच्या पावत्या फायलीत होत्या. ना-देय प्रमाणपत्र निवृत्तीच्या दिवशीच त्यांच्या हाती पडले. ते सेंट्रिफ्यूज त्या यादीत नव्हते, कारण ते खरोखरच आलेले नव्हते.

पुढच्या वर्षी अनुदान देणाऱ्या संस्थेने प्रकल्पाच्या खर्चाची कागदपत्रे मागविली. आदेश, चलन, बिल, बसवणीचा अहवाल, साठा नोंदवहीचे पान, सारे एका दुपारी पाठविले गेले. दुसरा हप्ता कोणतीही शंका न निघता मंजूर झाला. त्यानंतर एके दिवशी तो तरुण अध्यापक नव्या मागणीचा कागद घेऊन ताईंच्या टेबलापाशी आला. शिल्लक किती आहे, असे त्याने विचारले नाही. “मॅडम, यातले बांधील किती आहे?” असा त्याचा प्रश्न होता. ताईंनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली.

खरेदीची ही शिस्त विद्यापीठापुरती नाही. अनेक कुटुंबांचे व्यवसाय आहेत, अनेकजण शाळा, वसतिगृहे, रुग्णालये आणि धर्मादाय न्यास यांच्या विश्वस्त मंडळांवर काम करतात. तेथेही बँकेच्या पासबुकातील शिल्लक पाहून निर्णय घेण्याची सवय सार्वत्रिक आहे. सभागृहाच्या छताचे काम सांगितलेले असते, भोजनालयाच्या भांड्यांची ऑर्डर गेलेली असते आणि तरीही पासबुकातील आकडा पाहून नवी घोषणा होते. वर्षअखेरीस कोषाध्यक्षाच्या नाकी नऊ येतात आणि बोल मात्र हिशेबनिसाला लागतो.

उपाय खर्चिक नाही. दिलेल्या प्रत्येक मागणीला क्रमांक असावा. त्या क्रमांकापुढे कर आणि वाहतूक धरून पूर्ण रक्कम त्याच दिवशी लिहावी. माल आला त्या दिवशी, ज्याने तो मोजला त्याचीच सही चलनावर असावी. बिल आले, की तिन्ही कागद एकत्र टाचावेत आणि आदेशाची ओळ बंद करावी. महिन्यातून एकदा उघड्या राहिलेल्या ओळी वाचाव्यात. संस्थेची वही आणि बँकेचा उतारा यांचा ताळमेळ दरमहा घालावा. तो वर्षअखेरीवर ढकलू नये, कारण बारा महिन्यांची चूक शोधणे हे एका महिन्याची चूक शोधण्याच्या बारापट नव्हे, त्याहून कितीतरी अवघड असते.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा विभागात छोटा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चार भाषणे, असा रिवाजाप्रमाणेच तो होता. कापडी पुठ्ठ्याची वही त्यांनी आपल्या जागी येणाऱ्या तरुण सहायकाच्या स्वाधीन केली आणि तिच्या पहिल्या पानावर त्या दिवसापर्यंतच्या उघड्या आदेशांची यादी लिहून दिली. यादीत सात आदेश होते, प्रत्येकापुढे रक्कम आणि पुढची चौकशी करावयाची तारीख होती. त्याने दुसऱ्याच दिवशी पहिल्या पुरवठादाराला दूरध्वनी केला.